सगुणाबाईची हाक

वेळगंगेच्या अलीकडच्या काठावर, जिथे काळी जमीन संपून चुनखडीचे माळ सुरू होतात, तिथे खैरटेक नावाचे गाव आहे. गाव लहान, पाणी मचूळ, आणि झाडे म्हणाल तर बाभळीच जास्त. पण भाविकहो, या गावाचा मान मोठा! प्रभूचे सेवक शांतवनबाबा आयुष्याची शेवटची तीस वर्षे याच गावच्या खालच्या वस्तीत, कुडाच्या एका खोपटात राहिले. मोठमोठ्या शहरांना जे भाग्य लाभले नाही ते आमच्या खैरटेकला लाभले, हे आम्ही आजही छाती पुढे काढून सांगतो.

बाबा उंच, सडपातळ, रंगाने काळे, दाढी पांढरीशुभ्र. खांद्यावर घोंगडी आणि काखेत डफ. पायांत वहाण त्यांनी कधी घातली नाही. सोमवारी एक बाजार, मंगळवारी दुसरा, गुरुवारी नदीपलीकडचा मिरवडीचा मोठा बाजार, असे आठवड्याचे सहा बाजार ते पायी करत. रविवारी उपासना. ऊन असो, थंडी असो, खाडा नाही. वाटेवरच्या शेतांतले लोक म्हणत, "बाबा चालले, म्हणजे आज गुरुवार." कोणी बैलगाडी थांबवून "बसा बाबा" म्हटले तर ते हसून म्हणत, "गाडीत बसलो तर वाटेवरच्या माणसाशी बोलणार कसा?"

बाजारात पोचले की ते कडुनिंबाखाली उभे राहत, डफावर थाप मारत आणि स्वतः रचलेले एखादे पद खड्या आवाजात म्हणत. माणसे जमली की प्रभू येशूची गोष्ट सांगत. हरवलेल्या मेंढराची गोष्ट ते अशी सांगत की धनगर डोळे पुसत. दुसऱ्याच्या देवाला त्यांनी कधी नाव ठेवले नाही. कोणी भाकरी दिली तर खात. कोणी शेण फेकले तर अंगरखा झटकून पुढचे पद सुरू करत. त्या काळी आमच्या वस्तीतला माणूस गावच्या रस्त्याने खाली मान घालून चाले. बाबा मात्र मान ताठ ठेवून चालत, आणि त्यांच्यामागून चालणाऱ्याचीही मान आपोआप वर येई.

याच वस्तीत सगुणाबाई नावाची एक विधवा राहत असे. घायपाताचा वाख काढायचा, त्याचे दोर वळायचे, त्यावर तिचे पोट. अंगाने काटक, कामाला वाघीण. पण तिची जीभ जन्मापासून अडखळे. एकेक अक्षर ओठांवर येऊन असे अडून बसे की ऐकणाराच घामाघूम व्हावा. लोकांना थांबायला वेळ नसे. ते तिचे वाक्य आपणच पुरे करून टाकत, आणि बहुधा चुकीचेच करत. शेवटी तिने बोलणेच सोडले. दिवसच्या दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

अशी ही सगुणाबाई बाबांची पदे ऐकून प्रभूकडे वळली. तिने बाप्तिस्मा घेतला आणि बाबांचा डफ आपल्या खांद्यावर घेतला. तीन वर्षे ती त्यांच्यामागे बाजारोबाजार चालली. बाबा बोलत, ती गर्दीच्या कडेला बसून ऐके. ऐकता ऐकता सगळ्या गोष्टी तिला पाठ झाल्या. दोर वळताना त्या ती मनातल्या मनात सांगे, आणि मनात तिची जीभ कधीच अडखळत नसे!

वैशाखातल्या एका दुपारी दोघे बाभळीखाली विसावले असताना ती एकदम म्हणाली, "बा… बाबा, मला बी सा… सा… सांगायचंय."

"काय सांगायचंय, लेकी?"

तिने डोळे मिटले. मुठी आवळल्या. "ये… ये… ये…" पुढचे अक्षर काही येईना. जे नाव तिला सर्वांत प्रिय, तेच तिच्या ओठांना ओलांडवत नव्हते.

बाबांना तेवढ्यावरच कळले. ते म्हणाले, "बरं. येत्या गुरुवारी मिरवडीला तूच सांग. मी नुसता डफ वाजवीन."

ही वार्ता वस्तीत पसरायला कितीसा वेळ लागणार? रविवारी उपासना संपते न संपते तोच हनोख मास्तर उठून उभे राहिले.

हनोख मास्तर म्हणजे मंडळीचे, म्हणजे वस्तीतल्या ख्रिस्ती लोकांचे, वडीलधारे पुढारी आणि शाळेचे हेडमास्तर. याच वस्तीत, अशाच एका खोपटात जन्मलेले. पण शिकले, इंग्रजी बोलू लागले. अंगात कोट, पायांत बूट, आणि फिरायला पांढरी घोडी. मामलेदार त्यांना खुर्ची देत. माणूस वाईट नव्हता. वस्तीतल्या कितीतरी मुलांना त्यांनीच अक्षर शिकवले होते. पण लोक पुन्हा हसतील ही धास्ती त्यांच्या पोटात खोल बसली होती, आणि ते तिलाच इभ्रत म्हणत.

"बाबा, आपल्याविषयी मला आदर आहे," मास्तर म्हणाले. "पण मिरवडीला वकील येतात, अंमलदार येतात. आज कुठं आपल्याला चार माणसं नमस्कार करायला लागली आहेत. त्यांच्यापुढं हिला उभी करणार? हिला धड स्वतःचं नाव सांगता येत नाही. ही प्रभूचं नाव काय सांगणार?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. सगुणाबाईने पदर पुढे ओढला.

बाबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, तिला सांगायची हौस आहे."

"हौस मलाही होती आकाशात उडायची. देवानं पंख दिले नाहीत, मी गप्प बसलो. ज्याला तोंड दिलंय त्यानं बोलावं. हिनं दोर वळावेत."

गुरुवारी पहाट होताच बाबा सगुणाबाईच्या दारात उभे होते.

मिरवडीचा बाजार त्या दिवशी फुलून गेला होता. बाबांनी निंबाखाली डफ वाजवला, एक पद म्हटले आणि बाजूला सरले. "आज माझी लेक बोलणार आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असा काही अभिमान होता की माणसे पुढे सरकली.

सगुणाबाई उभी राहिली. पाय लटलटत होते. तिने गोष्टीची सुरुवात प्रभूच्या नावानेच करायची ठरवली होती. "ये… ये… ये… ये…"

पुढच्या रांगेत गेनू कासार होता. बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसलेला, नावाजलेला नकल्या. तो उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "कुणाला बोलावतेस, बाई? मला? आलो, आलो!"

हशा पिकला. दुसरा उठला, "मी बी आलो!" तिसरा, चौथा. दहा-बारा जण तिच्याभोवती गोळा होऊन "आलो, बाई, आलो!" म्हणत नाचू लागले. सगुणाबाई तरीही उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ओठ त्याच एका अक्षरावर अडले होते.

गर्दीच्या कडेला घोडीवर हनोख मास्तर होते. शेजारच्या वकिलाने विचारले, "काय मास्तर, ही तुमच्यातलीच ना?" मास्तरांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "जाऊ द्या हो. खुळी आहे ती." आणि त्यांनी घोडी वळवली. सगुणाबाईने ते ऐकले. कासाराची नक्कल तिने सोसली होती. हे मात्र काळजात रुतले.

दुपार कलायच्या आत बाबा तिला घेऊन परत निघाले. वेळगंगेचे वाळवंट मिरवडीपाशी चांगले पाऊण मैल रुंद. वैशाखात मधोमध घोटाभर पाण्याची एक धार, बाकी सगळी तापलेली वाळू. दोघांनी ते पार केले. अलीकडच्या दरडीवर चढताच सगुणाबाईने खांद्यावरचा डफ काढून बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"न… नको मला. पु… पुन्हा न्हाई."

बाबा तिच्याजवळ वाळूवर बसले. म्हणाले, "सगुणे, मी चाळीस वर्षं बोलतोय. पण मला कधी बोलायची भीती वाटली नाही, म्हणून माझ्या बोलण्यात मोठंसं काही नाही. तू भीतीनं कापत होतीस आणि तरी खाली बसली नाहीस. आज माझी मान उंच झाली, लेकी. हा डफ मी परत घेणार नाही."

ती तोंडात पदर कोंबून रडू लागली. तेवढ्यात बाबांनी मान वळवली. वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला, आभाळ काळेनिळे झाले होते. इकडे पावसाचा थेंब नव्हता, पण वारा उठला. बघता बघता वाळवंटातली वाळू भिंतीसारखी उभी राहिली आणि गरगर फिरू लागली. कुठला काठ कुठला, काही दिसेना.

आणि त्या धुळीत माणसे होती! बाजार उरकून खैरटेककडे निघालेली पंचवीस-तीस माणसे नेमकी मधल्या धारेपाशी पोचली होती. दुरड्या घेतलेल्या बाया, दोन म्हाताऱ्या, गेनू कासार, आणि सर्वांत मागे घोडीवर हनोख मास्तर.

बाबांनी खाली वाकून दरडीला कान लावला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "लोंढा येतोय. वर पाऊस झालाय. ही माणसं आता बाहेर आली नाहीत तर…"

ते काठावर उभे राहून हाका मारू लागले. "इकडं या हो! इकडं!" ज्या आवाजाने मिरवडीचा सारा बाजार वळून पाहत असे, तो आवाज दहा पावलांवर विरला. त्यांनी डफ वाजवला. डफाचा नाद वाऱ्यात सापडून चारी दिशांना भोवंडला. धुळीतून कुणाची तरी किंकाळी आली, तीही उलट दिशेला जाणारी. आंधळी कोशिंबीर खेळावी तशी ती माणसे वाळवंटात भरकटत होती.

बाबांनी डफ खाली ठेवला. "सगुणे, माझ्यानं होत नाही. तू हाक मार."

सगुणाबाईने त्यांच्याकडे पाहिले. थट्टा तर नव्हे? मी? मला हाक मारता येत असती तर आज हे घडले असते का?

"जेवढं येतं तेवढं मार," बाबा म्हणाले आणि वाळूत गुडघे टेकून प्रार्थनेला बसले.

काय हाक मारावी हे तिला सुचेना. समोर माणसे मरत होती आणि तिच्या हातात काही नव्हते. त्या भयात माणूस ज्याला हाक मारील त्यालाच तिने मारली. जीव एकवटून ती प्रभूचे नाव घेऊ लागली, आणि नेहमीप्रमाणे पहिल्याच अक्षरावर अडली.

"ये…! ये…! ये…! ये…!"

तोंडात वाळू जात होती. छाती फुटायला आली. पुढचे अक्षर काही फुटेना. ती रडत होती, तशीच ओरडत होती. "ये…! ये…! ये…!"

आणि धुळीच्या भिंतीतून एक माणूस बाहेर आला. डोळे मिटलेले, हात पुढे, काखेत बांगड्यांची पेटी. दरडीला अडखळून तो पालथा पडला आणि सरपटत वर येत म्हणाला, "आलो, बाई, आलो!" गेनू कासारच तो! सकाळचेच शब्द, पण आता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते.

त्याच्यामागून एक बाई आली. मग तिघी, एकमेकींचे पदर धरलेल्या. मग म्हाताऱ्या. "आलो गं माय! आलो!" आवाजाच्या रोखाने, सरळ ओढल्यासारखी, माणसामागून माणसे येत होती. बाबा एकेकाला हात देऊन वर घेत होते. लोंढ्याची घरघर आता नुसत्या कानांनाही ऐकू येत होती.

"सगळी आली का?" बाबांनी विचारले.

"मास्तर ऱ्हायले मागं," एक बाई म्हणाली. "घोडी उधळली त्यांची. पाडून गेली."

सगुणाबाईने पुन्हा तोंड उघडले, आणि काय सांगावे, आवाजच निघेना! घसा पार बसला होता. नुसते ओठ हलत होते. तिने छातीवर हात दाबला, घशात बोटे घातली, वाळू थुंकली, पुन्हा प्रयत्न केला. वाराच तेवढा ऐकू येत होता. ज्या माणसाने तिला खुळी म्हटले तो माणूस तिच्यामुळे मरणार असे तिला वाटले. ती मटकन खाली बसली. नुसते ओठ हलवत राहिली. आवाज नाही, तरी तेच एक अक्षर. ये. ये. ये.

काही वेळ तसाच गेला. मग धूळ फाटली आणि हनोख मास्तर आले. कोट फाटलेला, पागोटे कुठे गेले पत्ता नाही, एका पायातला बूट नाहीसा. पण चालत होते ते सुईत दोरा ओवावा तसे सरळ, सगुणाबाईच्याच दिशेने. बाबांनी आणि गेनूने त्यांना दंडाला धरून वर खेचले. त्यांचे पाय दरडीवर टेकले न टेकले तोच वरून भुऱ्या पाण्याचा लोंढा झाडे-झुडपे घेऊन कडाडत आला, आणि क्षणापूर्वी मास्तर जिथून वर आले तिथे दोन पुरुष खोल पाणी झाले.

मास्तर बाबांना म्हणाले, "घोडीवरून पडलो आणि दिशाच गेली. मग हिचा आवाज आला. लगेच ओळखला. बाबा, मला लाज वाटली. या आवाजामागं जायचं? मी मुद्दाम दुसरीकडं वळलो. दोनदा पाठ फिरवली. दोन्ही वेळा कुणी खांद्यावर हात ठेवावा तसा तो मागून आला. 'ये' म्हणत होता. अडखळणं नाही, काही नाही. स्पष्ट. आईनं लेकराला म्हणावं तसा. अगदी शेवटच्या पावलापर्यंत कानाशी होता. ही क्षणभर थांबली नाही म्हणून मी वाचलो."

दरडीवरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

गेनू कासार हळूच म्हणाला, "मास्तर, बाईचा आवाज तर कवाच बसला. तुम्ही यायच्या किती तरी आधी. आम्ही समदे हितंच हुतो. हितं कोण बी बोलत नव्हतं."

मास्तरांनी सगुणाबाईकडे पाहिले. तिने नाही अशी मान हलवली. काही सांगायला ओठ उघडले, पण खरोखरच तिच्या घशातून वाऱ्याएवढाही आवाज निघाला नाही.

बाबा म्हणाले, "मग, मास्तर, तुम्ही ऐकलीत ती हाक कुणाची?"

तो ताठ माणूस गुडघ्यांतून मोडला. पुढे सरकून त्यांनी सगुणाबाईच्या वाळूने माखलेल्या पायांवर डोके ठेवले. ती चटका बसल्यासारखी मागे सरली. बाबांनी मास्तरांना खांद्याला धरले. म्हणाले, "तिच्या नव्हे. ज्यानं बोलावलं त्याच्या पाया पडा. आपण सगळेच पडू." आणि पुराच्या काठी, ओल्या दरडीवर, बाबा, मास्तर, सगुणाबाई, कासार, बाया, म्हाताऱ्या, सगळ्यांनी एकदम कपाळ टेकले. प्रभूला ज्याने जे नाव दिले त्या नावाने प्रत्येकाने उपकार मानले.

त्या दिवसापासून सगुणाबाईची जीभ मोकळी झाली असे काही जण सांगतात. ते खरे नाही. आठवड्याने आवाज परत आला आणि त्यासोबत अडखळणेही आले. मरेपर्यंत ती अडखळतच बोलली. पण ती बोलली! पुढची बावीस वर्षे, सहाही बाजारी, बाबांच्या हयातीत आणि त्यांच्या पश्चातही. एवढ्या मुलखात कोणी तिची नक्कल केली नाही.

पुढच्या गुरुवारी मिरवडीला काय झाले तेवढे सांगून ही कथा प्रभूचरणी ठेवतो.

बाबांनी निंबाखाली पद म्हटले. सगुणाबाई उभी राहिली. गर्दीत वकील होते, अंमलदार होते. एवढ्यात माणसे बाजूला करत हनोख मास्तर पुढे आले. घोडी नदीच्या खालच्या अंगाला सापडली होती, लंगडत का होईना घरी आली होती. तरी ते चार कोस पायी चालून आले होते. ते तिच्या शेजारी उभे राहिले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात म्हणाले,

"मंडळी, मी हनोख, हेडमास्तर. ही आमची सगुणाबाई. आमच्या वस्तीची, आमच्या मंडळीची. हिला बोलायला वेळ लागतो. ज्याला घाई असेल त्यानं खुशाल जावं. मला नाही."

असे म्हणून ते कोटासकट धुळीत खाली बसले, हात जोडले आणि तिच्यापुढे मान लववली. वकिलांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, आणि छत्री मिटून तेही बसले. सगुणाबाईने गोष्ट सुरू केली. बाबा अर्ध्या घटकेत सांगत ती गोष्ट तिला सांगायला सारी दुपार लागली. आणि आमचे वाडवडील मोठ्या अभिमानाने सांगत आले आहेत की त्या दुपारी मिरवडीच्या बाजारातून एकही माणूस उठला नाही.